ढील किती, भाव किती: ब्राउजरमधला खेळ एकटीनं बनवताना

१४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे पतंगांच्या उत्तरायणात, बडोद्यात कुणी लॅपटॉप उघडला, तर घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. मी उघडला होता. दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसले होते, आणि पेच लागल्यापासून ‘काप्यो छे’चा आरडाओरडा होईपर्यंत किती सेकंद जातात ते टिपत होते. त्यातून ‘ढील’ नावाचा खेळ झाला. ब्राउजरमध्ये चालणारा, एका बोटानं खेळायचा, पतंगांच्या काटाकाटीचा.

दिवसा मी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते, त्यामुळे हा सगळा रात्रीचा उद्योग. त्यात कुठे आपटले आणि काय पुन्हा तसंच करेन, ते क्रमानं सांगते. खेळ पूर्ण झाला की किंमतीची चिठ्ठी चिकटवू, असं मी धरून चालले होते. पण कशाचे पैसे घ्यायचे हे ठरेपर्यंत खेळाचा दुसरा टप्पासुद्धा मला बांधता आला नाही. म्हणून या लेखात रचना आणि भाव यांची सरमिसळ आहे, तशीच ती कामातही होती.

पहिली पायरी: एक क्रियापद, तेही कागदावर

ब्राउजरमधला खेळाडू उंबऱ्यावरचा पाहुणा असतो, चपला न काढलेला. त्यानं काही उतरवून घेतलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत, आणि शेजारचा टॅब त्याला हाक मारतोय. त्याला दहा सेकंदांत काहीतरी करायला मिळालं पाहिजे. ते ‘काहीतरी’ एका क्रियापदात सांगता आलं, तरच पुढे जा.

माझं क्रियापद मला आयतंच मिळालं. दोन दोरे एकमेकांवर आले की जो दोरा सरकत राहतो, त्याची झीज त्याच्या लांबीभर वाटली जाते. जो जागच्या जागी धरून ठेवलाय, त्याच्या एकाच बिंदूवर करवत चालते. म्हणून ढीलवाले फिरकी मोकळी सोडतात आणि खेचवाले दोन्ही हातांनी सपासप ओढतात. दोघांचं तत्त्व एकच, दोरा थांबू द्यायचा नाही. घाबरून मूठ आवळणारा जातो.

खेळात बटण दाबलं की खेच, सोडलं की ढील. प्रत्येक दोऱ्याचे दोनशे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याची झीज शून्य ते शंभर. जो तुकडा समोरच्या दोऱ्याला टेकलाय, त्याच्यावर समोरचा दोरा किती वेगानं घासतोय त्या मानानं झीज चढते. शंभर झाली की कट.

कोड लिहिण्याआधी हे मी चौकटीच्या वहीवर दोन सोंगट्या आणि एक फासा घेऊन माझ्या आठ वर्षांच्या भाचीबरोबर खेळले. तिसऱ्या डावात ती म्हणाली, “आत्या, मी खेचतच बसले तर तू काय करशील?” काहीच करू शकत नव्हते. सतत खेचणारा कायम जिंकत होता, म्हणजे निर्णय असा उरलाच नव्हता. मग खेचीला किंमत लावली. खेचत राहिलं की पतंग डोक्यावर येतो आणि जागा संपते. ढीलीलाही लावली. दोरा संपत जातो आणि वारा पडला की पतंग गोता खातो. हा दोष वहीवर सापडला म्हणून एक संध्याकाळ गेली, कोडमध्ये सापडला असता तर महिना गेला असता.

याच टप्प्यावर एक लाडकी गोष्ट कापावी लागली. सुरुवातीला खेळाडूला कण्णी, म्हणजे पतंगाला मांजा जोडणारी दोरी, बांधायला लावायची, असा माझा बेत होता. कण्णीच्या गाठी कुठे पडतात त्यावर पतंगाचा तिरपेपणा ठरतो, आणि ते बोटांनी करायला मजा येते. पण उडवण्याआधी त्यात पाऊण मिनिट जायचं, आणि पाहुणा तेवढा वेळ उंबऱ्यावर थांबत नाही. कण्णी टाकून दिली नाही, बाजूला ठेवली. पुढे किंमतीच्या वेळी तीच उपयोगी पडली.

दुसरी पायरी: ब्राउजरच्या खोड्या आधी माहीत करून घ्या

खेळ बनवायचं साधन म्हणून मी फेझर वापरलं. गोडो किंवा कन्स्ट्रक्टही चालेल. चित्रं आणि आवाज धरून पहिलं लोडिंग तीन एमबीच्या आत ठेवण्याचा हट्ट मी धरला. कारण बघणारा बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर आलेली लिंक मोबाइल डेटावर उघडत असतो. खालच्या खोड्या मात्र मला एकेक करून चावल्या.

सगळ्यात लाजिरवाणी पहिली. माझ्या लॅपटॉपवर खेळ उत्तम चालायचा. आतेभावाच्या नव्या फोनवर पतंग दुप्पट वेगानं पळायला लागला. ब्राउजर पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा तुमचं चित्र काढतो, आणि मी पतंगाची हालचाल प्रत्येक चित्रामागे मोजली होती. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ठीक, १२० हर्ट्झवर सगळं दुप्पट. उपाय असा की हालचालीचं गणित सेकंदाला ठरलेले ६० टप्पे या हिशेबानंच चालवायचं, चित्र कितीही वेळा निघो. त्यातच आणखी एक मेख आहे. खेळाडू मध्येच दुसऱ्या टॅबवर गेला तर चित्र काढणं थांबतं. तो परत आला की मधले दोन मिनिटांचे टप्पे एका दमात चालतात आणि पतंग पार शहराबाहेरच्या पादरा गावाला जातो. म्हणून एका वेळी मोजायच्या वेळेला कमाल मर्यादा घाला. मी एक दशांश सेकंद ठेवली.

खेच आधी बोट खाली ओढून होती. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बोट खाली ओढलं की पान रीफ्रेश होतं. म्हणजे ऐन पेचात, जीव खाऊन खेचल्यावर, खेळच पुन्हा पहिल्यापासून! स्टाइलशीटमध्ये टच-ॲक्शन आणि ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर बंद करून हे आवरता येतं. मी तेही केलं आणि ओढण्याऐवजी दाबणंही आणलं.

आवाज. २०१८ पासून क्रोम खेळाडूनं पडद्याला हात लावल्याशिवाय आवाज वाजू देत नाही, त्यामुळे पहिल्या स्पर्शालाच आवाज सुरू करा. आयफोनची सायलेंटची कळ लावलेली असेल तर तिथे खेळ मुकाच राहतो, आणि सफारीत फोन थरथरवण्याची सोयही नाही. म्हणून झीज वाढत चालल्याची खूण डोळ्यांना दिसलीच पाहिजे. माझ्या खेळात दोरा पांढऱ्याचा गुलाबी होत जातो.

साठवण. २०२० पासून सफारी असं करतं की खेळाडू सात दिवस ब्राउजर वापरूनही तुमच्या पानावर फिरकला नाही, तर पानानं तिथं साठवलेलं सगळं पुसलं जातं. संक्रांतीला खेळून महाशिवरात्रीला परत येणाऱ्याचा सगळा खेळ गायब. खेळ दुसऱ्याच्या पानात चौकटीतून चालत असेल तर साठवण बंदही असू शकते, आणि तशी ती असली तर खेळ कोसळता कामा नये.

शेवटचं खास आपल्यासाठी. चित्राच्या तुकड्यांतून अक्षरं जुळवणारे फाँट देवनागरीत जोडाक्षरांची वाट लावतात. ‘उत्तरायण’मधला ‘त्त’ फुटलेला दिसला की मराठी खेळाडूचा विश्वास उडतो. मजकूर ब्राउजरकडूनच रेखाटून घ्या. गोडो वापरत असाल तर २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरं नीट जुळतात.

तिसरी पायरी: काय विकणार नाही ते आधी ठरवा

पहिल्या आराखड्यात मी ‘सुरती मांजा’ ५० रुपयांना ठेवला होता. तो घेतला की तुमच्या दोऱ्याची झीज तीस टक्के कमी. वाटलं होतं, गेंडीगेटच्या पतंगबाजारात लोक हेच तर करतात! फिरकीवर किती वार आहे, कुठला मांजा आहे, कुणी पाजलाय, यावर दहा मिनिटं घासाघीस होते आणि शेवटी खिशात हात जातोच.

दोन भावंडांना समोरासमोर बसवून खेळायला दिलं. एकाकडे साधा मांजा, दुसऱ्याकडे विकतचा. दोनदा कटल्यावर धाकट्यानं फोन खाली ठेवला. “तुझा मांजा भारी आहे म्हणून,” एवढंच म्हणाला. त्याआधी पंधरा मिनिटं दोघं ढील केव्हा द्यायची यावर भांडत होते. ते भांडण हाच माझा खेळ होता, आणि ५० रुपयांनी तो बंद पाडला. खऱ्या अगाशीवर महागडी फिरकी घेऊन आलेल्याचा पतंग शेजारचं शेंबडं पोर काटतं, तेव्हाच सगळी गल्ली थाळ्या वाजवते. विकतच्या ताकदीनं तो क्षण मरतो.

मग यादी उलटी केली. फुकट: आमची अगाशी पूर्ण, सगळे मांजे, सगळे पतंग, आणि ‘आजचा वारा’. म्हणजे त्या तारखेला सगळ्यांना सारखाच वारा, दिवसातून एकदाच, निकाल मित्रांना पाठवता येईल असा. रोज एकच कोडं ही युक्ती वर्डल या शब्दकोड्यानं घरोघरी पोचवली. तो जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला, पण तसा गिऱ्हाईक दारात येईल यावर कुणी घर चालवू नये. विकत: तीन नव्या अगाशा (मांडवीची दाटीवाटीची, सूरसागरच्या काठची, रावपुऱ्यातली), रात्रीच्या तुक्कलांचा (पतंगाच्या दोऱ्याला बांधलेल्या कागदी कंदिलांचा) टप्पा, एकाच फोनवर दोघांचा डाव, आणि बाजूला ठेवलेली कण्णी. प्रत्येक अगाशीचा वारा वेगळा. पैसे देणाऱ्याला जास्त आकाश मिळतं, जास्त धार मिळत नाही.

हे ठरल्यावर रचना बदलली. फुकटची अगाशी ‘नमुना’ राहिली नाही, ती पूर्ण खेळ झाली, आणि नवी अगाशी म्हणजे नुसतं मागचं चित्र बदलणं पुरेसं राहिलं नाही. रावपुऱ्याचा वारा मी तीनदा नव्यानं लिहिला. चित्रं फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थिनीकडून रीतसर पैसे देऊन करून घेतली. तिनं रंग उचलले ते तांबेकर वाड्यातल्या भिंतींवरचे. आम्ही बडोदेकर त्या वाड्यावरून वर न बघता जातो, हे तिनंच मला ऐकवलं.

चिनी मांजा खेळात नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि तो नसतानाही काचेच्या मांजानं पक्षी कापले जातात. म्हणून संध्याकाळच्या टप्प्यात थवा परतताना दोरा त्याला लागला की डाव तिथेच संपतो. एका हितचिंतकानं ‘पक्षी हटवा, १० रुपये’ अशी सूचना केली होती. असो.

चौथी पायरी: आकडा

अंदाजानं बोलू नका, वही काढा. माझा रोख खर्च चित्रांचा, १८,००० रुपये. रात्री धरल्या नाहीत, धरल्या तर रडू येईल.

भारतातला भाव ९९ रुपये धरला. यूपीआयवर २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराला व्यवहारशुल्क नाही, पण मधला गेटवे आपलं घेतो. तो २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा धरला तर २ रुपये ३४ पैसे जातात, हातात ९६ रुपये ६६ पैसे राहतात. चित्रांचा खर्च निघायला १८७ गिऱ्हाइकं. हा आकडा डोळ्यासमोर आला की बरेच प्रश्न सुटतात. ४९ रुपये ठेवले तर दुपटीहून थोडी कमी नाही, दुपटीहून थोडी जास्तच माणसं लागतात. आणि ९९ ला ‘नको’ म्हणणारा बहुधा मुळात पैसेच देणार नव्हता.

परदेशी गिऱ्हाइकाचं गणित वेगळं. तिथे कार्डाचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट, आणि ते ३० सेंट ठरलेले असतात. एक डॉलरवर सुमारे ३३ सेंट जातात, तीन डॉलरवर ३९, पाचवर साडेचव्वेचाळीस. मी पहिल्या वर्षी ‘आपलं छोटंसं आहे’ म्हणून एक डॉलर ठेवला. इच.आयओ हे छोटे खेळ विकायचं संकेतस्थळ मूळ सेटिंगमध्ये १० टक्के घेतं, तो वाटा बनवणाऱ्याला बदलता येतो, पण तो धरला की हाती ५७ सेंट उरले. पाच डॉलरवर साधारण चार उरतात. म्हणजे सात जणांनी एकेक डॉलर देणं आणि एकानं पाच देणं जवळपास सारखंच. नम्रतेपायी मी एक तृतीयांश पैसे कार्डवाल्यांना दिले.

थोडक्यात, छोटी किंमत रुपयांत परवडते, डॉलरांत नाही. मी भारतात ९९ रुपये आणि बाहेर ४.९९ डॉलर ठेवले. कुणी परदेशातून मावशीच्या यूपीआयवरून ९९ ला घेतलं तर घेऊ दे. त्याच्यामागे लागण्यात माझ्या दोन रात्री जातील.

मासिक वर्गणीचा विचार आला होता. आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ पासून कडक आहेत, पण मला अडवलं ते दुसऱ्याच कारणानं. वर्गणी घेतली की दर महिन्याला नवं काही देणं आलं, आणि पतंगाला जून महिना नसतो. ‘द्याल ते’ पद्धत मात्र पूर्ण टाकू नका. ९९ हा किमान भाव ठेवून जास्त देण्याची जागा मोकळी ठेवा.

पाचवी पायरी: मागायचं केव्हा

आधी मी पतंग कटल्यावर विचारत होते. ‘नव्या अगाशीवर नशीब आजमावा.’ कटलेल्या माणसाला दुकान दाखवणं म्हणजे तेराव्याला वर्गणीची पावती फाडणं. आता विचारतच नाही. मागे शेजारची अगाशी दिसते, तिथले पतंग उडताना दिसतात, भोंग्यावरची गाणी अस्पष्ट ऐकू येतात. तिच्यावर बोट ठेवलं तर भाव दिसतो. तिसऱ्या दिवशी परत आलेल्याला एकदाच एक ओळ येते, बस.

पैसे दिल्यावर लॉगिन नाही, दहा अक्षरांचा कोड. तो कुठल्याही फोनवर टाकला की अगाशा उघडतात, आणि सफारीनं सगळं पुसलं तरी खरेदी शाबूत राहते. कोड लोक वाटतात. वाटू देत. अगाशीवरही एका फिरकीवर पाचजण उडवतातच.

सहावी पायरी: बाजार कुठला

स्वतःचं पान हवंच. रुपयांतली विक्री तिथून. इच.आयओवर ब्राउजरमधला खेळ खुला ठेवून उतरवून घ्यायची फाइल विकता येते. परदेशी खेळाडू मला तिथेच मिळाले.

फुकट खेळांची मोठी पोर्टलं जाहिरातीतला वाटा देतात. एका पोर्टलनं काही महिन्यांची मक्तेदारी मागितली, म्हणजे माझ्याच पानावरून खेळ उतरवायचा. तारीख बघा: त्या महिन्यांत जानेवारी येत होता. नाही म्हटलं. जाहिरात घ्यायचीच झाली तर दोन डावांच्या मध्ये घ्या, पेचात कधीच नाही.

स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचा मोह सगळ्यांना होतो. ब्राउजरमध्ये गाजलेले खेळ तिथे विकले गेलेत हे खरं. कुकी क्लिकर २०१३ पासून ब्राउजरमध्ये फुकट आहे, २०२१ मध्ये स्टीमवर पैसे घेऊन आला, आणि फुकटचा अजूनही तसाच चालू आहे. पण तिथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर आधी भरावे लागतात आणि विक्रीतला ३० टक्के वाटा सुरुवातीला त्यांचा. शिवाय खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. माझा विकाऊ भाग दीड तासाचा. कुणी संपवून, समाधानानं, परतही करू शकतो. तीन तासांचा ऐवज होईपर्यंत मी तिकडे जाणार नाही.

सीएकडे जाण्याआधी

सेवा विकणाऱ्याला गुजरातेत जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. परदेशी विक्रीचे नियम वेगळे, ते सीएलाच विचारा. अमेरिकी प्लॅटफॉर्म करासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतात, तो पॅन हाताशी ठेवून शांतपणे भरा. पेपालनं देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, त्यामुळे ते फक्त परदेशी गिऱ्हाइकासाठी.

आणि एक मोह टाळा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली होती की प्रत्येकी ५० रुपये प्रवेश, ‘ढील’ची स्पर्धा, जिंकणाऱ्याला रोख. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदही ठेवलेला नाही. आम्ही प्रवेश फुकट ठेवला. जिंकली चौथ्या मजल्यावरची आजी, बक्षीस किलोभर उंधियु.

तारीख आणि पुढचा भाव

पहिल्या वर्षी मी १२ जानेवारीला खेळ लोकांसाठी खुला सोडला. लोक तेव्हा खरे पतंग घ्यायला गेंडीगेटला होते आणि मी घरी रीफ्रेशवाली चूक दुरुस्त करत होते. आता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोडते. गच्च्यांवर पतंग दिसायला लागतात, पण हात अजून रिकामे असतात.

१५ तारखेच्या संध्याकाळी बाजारात उरलेल्या पतंगांची कोडी (वीसचा गठ्ठा) मातीमोल भावानं जाते, कारण कागद वर्षभर टिकत नाही. तसा सेल मीही लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा मेल आला, ज्यांनी १३ तारखेला ९९ देऊन खेळ घेतला होता: “माझे ५० रुपये परत देणार का?” दिले. तेव्हापासून भाव उतरवत नाही. पुढच्या वर्षी चौथी विकतची अगाशी येईल, न्यायमंदिराच्या बाजूची. तेव्हा नव्या खेळाडूला १४९, आणि जुने कोड टाकणाऱ्यांना ती आपोआप उघडेल. तिचा वारा सध्या वहीत आहे, आणि भाची म्हणते खेच अजूनही थोडी जास्तच जिंकते.